मोडी कागद घरी कसे जपाल?

सिंदखेडराजा परिसरातल्या एका घरी परवा जुन्या मोडी कागदांची पेटी पाहिली. वरचाच कागद लॅमिनेट केलेला, खालच्यावर पिवळा पडलेला सेलोटेप. जीव हळहळला.

मोडीची शाई बहुधा काजळीची. ती उन्हाने उडत नाही, पण पाण्याने पसरते. पावसाळ्यात पेटी ओलसर भिंतीपासून लांब, उंचावर ठेवा.

लॅमिनेशन नकोच. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक कागदाला इजा न करता निघत नाही. कागद आम्लविरहित वेष्टनात सपाट ठेवा.

स्कॅन ४०० डीपीआयला, टिफ फाइलमध्ये. व्हॉट्सॲपवर फोटोचा दर्जा घटतो. तीन प्रती करा, दोन वेगळ्या साधनांवर, एक परगावी. दरवर्षी उघडून तपासा.

स्कॅन झालं तरी मूळ कागद टाकू नका.