यंत्र ओढून न्यायचं कुणी? जमीन सफाईचा धंदा आणि २६,००१ पौंडांचा हिशेब

 

मी पेशाने आयटी सल्लागार, एमबीए केलेला. दुसऱ्यांच्या धंद्याला सल्ला देऊन पैसे घेणं हे माझं काम. आज मात्र घरच्याच एका धंद्यात मी दिलेला सल्ला कसा चुकला आणि त्यातून काय शिकलो, ते सांगणार आहे. तुमच्यापैकी कुणी असा विचार करत असेल, तर आमच्या चुकीचे पैसे तुम्हाला पुन्हा भरायला लागू नयेत, एवढाच हेतू.

माझा धाकटा मावसभाऊ इथे टेक्सासमध्येच असतो. त्याची आयटीतली नोकरी गेली. ग्रीन कार्ड हातात होतं, थोडी बचत होती, आणि पुन्हा मुलाखतींच्या रांगेत उभं राहायची इच्छा नव्हती. ऑस्टिनच्या पश्चिमेला हिल कंट्रीत लोक पाच-दहा एकर जमिनी घेतात आणि मग त्यांना कळतं, की सगळीकडे सीडर माजलाय. हिवाळ्यात ज्याच्या परागकणांनी आपण सगळे शिंकत असतो, तोच तो. खरं तर ते ज्युनिपरचं झाड. त्याच्या जोडीला मेस्कीट, म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीचं भावंड. गावाकडे शेताच्या बांधावर जिने उच्छाद मांडलाय, तिच्याच कुळातलं. हे सगळं तोडून, जागेवरच भुगा करून जमीन मोकळी करून द्यायची, असा हा धंदा.

कल्पना चांगली होती. मी एक्सेल उघडलं. यंत्राचा हप्ता, डिझेल, दात बदलण्याचा खर्च, विमा, जाहिरात, सगळं मांडलं. त्याने एक टन वर्गातला, मागे चार चाकं असलेला पिकअप घेतला, एक ट्रेलर घेतला, पट्ट्यांवर चालणारा लोडर घेतला आणि पुढे लावायला मल्चर, म्हणजे झाडं भरडणारा ढोल. माझ्या एक्सेलमध्ये एक ओळ नव्हती. हे सगळं रस्त्यावरून नेणार कोण, आणि कोणत्या लायसन्सवर?

तिसऱ्याच कामाला जाताना हायवेवर गस्तीवरच्या अधिकाऱ्याने गाडी बाजूला घ्यायला लावली. त्याने आधी ट्रकचं दार उघडून आतलं लेबल वाचलं, मग ट्रेलरच्या पुढच्या बाजूची पट्टी वाचली, आणि लायसन्स मागितलं. लायसन्स नेहमीचं, क्लास सी. अधिकारी म्हणाला, ही गाडी तुम्ही इथून पुढे नेऊ शकत नाही. भावाचा मला फोन आला, "दादा, अरे, सगळं मिळून वजन चोवीस हजारच भरतंय! तूच म्हणालास ना, सव्वीसच्या आत असलं की चालतं?"

म्हणालो होतो मी. आणि तिथेच घोडं अडलं होतं.

तर मंडळी, आता कागद-पेन्सिल घ्या. आकडे सावकाश सांगतो.

अमेरिकेत व्यावसायिक वाहन चालवण्याचा जो परवाना आहे, सीडीएल, त्याचा क्लास ए कधी लागतो? दोन अटी आहेत. पहिली, ट्रक आणि ट्रेलर मिळून २६,००१ पौंड किंवा त्याहून जास्त. दुसरी, त्यातला ट्रेलर १०,००० पौंडांच्या वरचा. दोन्ही लागू झाल्या, की क्लास ए हवाच. आता हे पौंड कुठले मोजायचे? मी मोजले काट्यावरचे. कायदा मात्र दोन्ही बघतो, काट्यावरचं प्रत्यक्ष वजन आणि उत्पादकाने ठरवून दिलेली कमाल क्षमता. त्यातला जो आकडा मोठा, तो धरायचा. या कमाल क्षमतेला जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात, आणि ती लेबलवर छापलेली असते. ट्रकची चालकाच्या दाराच्या चौकटीवर, ट्रेलरची बहुधा पुढच्या डाव्या बाजूला.

आमचा हिशेब बघा. ट्रक प्रत्यक्षात ८,००० पौंड. रिकामा ट्रेलर ४,०००. लोडर ९,५०० आणि मल्चर २,५००, म्हणजे १२,०००. बेरीज २४,०००. मी खूश. पण ट्रकच्या लेबलवर होतं १४,००० आणि ट्रेलरच्या लेबलवर १४,०००. बेरीज २८,०००. म्हणजे क्लास ए लागतो. ट्रेलर रिकामा असता तरी लागला असता, कारण लेबल रिकामं होत नाही.

आणि दुसरी चूक त्याच ट्रेलरवर बसली होती. ट्रेलर ४,००० आणि वर १२,०००, झाले १६,०००. लेबल १४,०००. म्हणजे लायसन्स असतं, तरी तो ट्रेलर त्या यंत्राला पुरणारा नव्हताच. लोडर विकणाऱ्याने लोडरचं वजन सांगितलं, मल्चर विकणाऱ्याने मल्चरचं. दोन्हींची बेरीज करणं माझं काम होतं.

त्या दिवशी दंडाची पावती मिळाली, भाड्याचा ट्रक बोलवावा लागला, आणि गिऱ्हाईक गेलं. पण मला रात्री झोप लागली नाही ती वेगळ्याच विचाराने. योग्य लायसन्स नसताना, जास्त भार घेऊन, उतारावर ब्रेक लागले नसते तर? समोरच्या गाडीत एखादं कुटुंब असतं तर? विमा कंपनीने काय सांगितलं असतं, आणि कोर्टाने काय?

या बाबतीत आपल्या लोकांमध्ये तीन गैरसमज मी वारंवार ऐकतो. पहिला, "मी कुठे भाड्याने माल वाहतोय? माझंच यंत्र आहे." स्वतःच्या धंद्याचं यंत्र नेणं हीसुद्धा व्यावसायिक वाहतूकच. ट्रकवर 'नॉट फॉर हायर' लिहिलं, तरी लायसन्सचा नियम बदलत नाही. फरक इतकाच, की दुसऱ्याचा माल पैसे घेऊन राज्याबाहेर नेणाऱ्याला जो वेगळा वाहतूक अधिकार लागतो, तो स्वतःचंच यंत्र नेणाऱ्याला लागत नाही. दुसरा गैरसमज, "शेतजमिनीचं काम आहे, शेतकऱ्यांना सूट असते." सूट आहे, पण ती शेतकऱ्याला, स्वतःच्या शेताचा माल आणि अवजारं नेताना. पैसे घेऊन दुसऱ्याची जमीन साफ करणाऱ्याला नाही. आणि तिसरा, "पिकअपच तर आहे." पिकअप असो की अठरा चाकी, कायदा बघतो आकडा.

मग मार्ग काय? तीन आहेत.

पहिला मार्ग, लेबलांची बेरीज २६,००० च्या आत ठेवायची. उदाहरणार्थ, १०,००० चा ट्रक आणि १६,००० चा ट्रेलर. बरोबर २६,०००, सीडीएल नको. पण १६,००० च्या ट्रेलरचं स्वतःचं वजन साडेचार हजार धरा, उरले साडेअकरा. त्यात मल्चर, साखळ्या, डिझेलची टाकी सगळं आलं. म्हणजे यंत्र लहान घ्यावं लागतं. लहान यंत्राला जाड सीडर भरडायला वेळ जास्त लागतो, पण सुरुवातीला हे वाईट नाही. फक्त एवढा ट्रेलर तो ट्रक ओढू शकतो का, हे ट्रकच्या पुस्तिकेत बघून घ्या. आणि लेबल आपल्या मनाने बदलता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

दुसरा मार्ग, क्लास ए काढायचा. आधी वैद्यकीय तपासणी, मग लेखी परीक्षा देऊन शिकाऊ परवाना. ७ फेब्रुवारी २०२२ पासून नवीन उमेदवाराला केंद्र सरकारच्या यादीत नोंदलेल्या संस्थेतूनच प्रशिक्षण घ्यावं लागतं, गाडी चालवण्याच्या परीक्षेआधी. शिकाऊ परवाना मिळाल्यावर किमान १४ दिवस थांबावं लागतं. परीक्षेचे तीन भाग, गाडीची तपासणी करून दाखवणं, मागेपुढे घेण्याची कसरत, आणि रस्त्यावर चालवणं. यातली मेख अशी, की ज्या गाडीवर परीक्षा द्याल, तिच्या मर्यादा लायसन्सवर छापल्या जातात. ऑटोमॅटिक गिअरवर दिलीत, तर मॅन्युअल चालवता येणार नाही. एअर ब्रेक नसलेल्या गाडीवर दिलीत, तर एअर ब्रेकची गाडी चालवता येणार नाही. पुढे मोठा ट्रक घ्यायचा विचार असेल, तर परीक्षा कोणत्या गाडीवर द्यायची ते आधी ठरवा. शिवाय सीडीएल लागणारी गाडी चालवायची, तर एकटा मालक-चालक असलात तरी अमली पदार्थ आणि दारूच्या अचानक होणाऱ्या चाचण्यांसाठी एखाद्या गटात नाव नोंदवावंच लागतं.

तिसरा मार्ग, वाहतूक दुसऱ्याकडून करून घ्यायची. गणित सोपं आहे. समजा एका कामाला ने-आण ६०० डॉलर घेतो आणि महिन्याला चार कामं आहेत, तर २,४०० डॉलर. मोठा ट्रेलर आणि ट्रकचा हप्ता, विमा, टायर यांची बेरीज त्याहून जास्त असेल, तर स्वतःचा ट्रक म्हणजे हौस. कामं दहा झाली, की गणित उलटतं. वाहतूकदार निवडताना त्याचा यूएसडॉट नंबर विचारा. केंद्राच्या सेफर या संकेतस्थळावर तो नंबर घातला, की त्याची नोंद आणि तपासणीचा इतिहास फुकट दिसतो.

आता हा यूएसडॉट नंबर काय? राज्याची हद्द ओलांडून धंद्यासाठी जाणार असाल, तर मर्यादा २६ हजारांची नाही, १०,००१ पौंडांची. म्हणजे सीडीएल न लागणारा पिकअप-ट्रेलरसुद्धा त्यात येतो. यूएसडॉट नंबर, तो आणि कंपनीचं नाव दारावर ५० फुटांवरून वाचता येईल असं, चालकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र, ट्रक-ट्रेलरची वार्षिक तपासणी, अग्निशामक आणि त्रिकोणी इशारे, हे सगळं आलं. लुइझियाना किंवा ओक्लाहोमातलं काम "जवळच तर आहे" म्हणून घेण्याआधी हे आठवा. फक्त टेक्सासमध्येच काम करायचं, पण २६ हजारांच्या वर, तर राज्याच्या मोटार वाहन विभागाकडेही नोंदणी आणि विम्याचा पुरावा लागतो. इतर राज्यांतल्या श्रोत्यांनी आपापल्या राज्याचे नियम बघावेत, ते वेगळे असतात.

एक सावधगिरी. यूएसडॉट नंबर सरकारकडून फुकट मिळतो. तो घेतला, की सरकारी वाटणारी पत्रं येतात, "ताबडतोब एवढे डॉलर भरा" म्हणून. ती बहुतेक खासगी मध्यस्थांची असतात. नोंदणी दर दोन वर्षांनी अद्ययावत करावी लागते हे खरं, पण तीही फुकटच होते.

बांधणीबद्दल दोन शब्द. १०,००० पौंड किंवा त्यावरचं यंत्र असेल, तर किमान चार ठिकाणी बांधायचं, आणि साखळ्यांची कामाची क्षमता पुरेशी हवी. तीन अष्टमांश इंचाची, सत्तर ग्रेडची साखळी ६,६०० ची असते, ती चालते. मल्चर पूर्ण खाली टेकवून तोही वेगळा बांधायचा. साखळीवर ग्रेडचा शिक्का आहे ना, बघून घ्या. आणि भार साडेआठ फुटांपेक्षा रुंद असेल, तर वेगळा परवाना लागतो. पट्ट्यांचा लोडर सहसा त्यात बसतो, मोठा डोझर बसत नाही.

जमिनीवर पोचल्यावरचे नियम हा वेगळ्या भागाचा विषय, पण थोडक्यात सांगतो. मुळं उपटणार असाल, तर आधी ८११ ला फोन करून जमिनीखालच्या तारा-नळ्या खुणा करून घ्या. फेब्रुवारी ते जून ओकच्या झाडांना जखम करू नका, ओक विल्ट हा रोग पसरतो. जुन्या सीडरच्या झाडीत गोल्डन-चीक्ड वॉर्बलर हा संरक्षित पक्षी घरटी करतो, म्हणून कामाआधी चौकशी करा. आणि एच-वन-बीवर असाल, तर स्वतःच्या धंद्यात हात घालण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला.

माझ्या भावाचं काय झालं? त्याने तो ट्रेलर तोट्यात विकला. काही महिने भाड्याने वाहतूक करून घेतली, आणि तो खर्च प्रत्येक कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखवला. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली नाही, त्यांना आकडा स्पष्ट हवा होता. त्या काळात त्याने क्लास ए काढला. मग २०,००० च्या वरचा ट्रेलर घेतला. आता तो निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारतो, साखळ्या ओढून बघतो, टायर बघतो. मी एकदा गंमतीने विचारलं, देवाला प्रदक्षिणा घालतोयस का? तो म्हणाला, "दादा, तुझ्या एक्सेलपेक्षा ही बरी."

तर मंडळी, आजचं सार एवढंच. खरेदीचा क्रम लक्षात ठेवा. आधी कोणतं काम करायचं ते, मग यंत्र आणि त्याचं अवजार, त्यांच्या बेरजेवरून ट्रेलर, ट्रेलरवरून ट्रक, आणि दोन्ही लेबलांच्या बेरजेवरून लायसन्स. हे सगळं कागदावर जुळल्यावरच पहिला चेक फाडा. आम्ही उलटं केलं, वरातीमागून घोडं आणलं. तुम्ही विकत घेण्याआधी दार उघडून ते लेबल वाचा. दोन मिनिटं लागतात.

मी वकील नाही, हेही सांगून ठेवतो. अंतिम शब्द तुमच्या राज्याच्या वाहन विभागाचा. तुमचे प्रश्न कार्यक्रमाच्या पत्त्यावर जरूर पाठवा. पुन्हा भेटू. तोवर सांभाळून चालवा. नमस्कार!