सर राजीनामा देणार काय?

गावच्या हायस्कुलातले गणिताचे सर अलीकडे गप्प असतात. पूर्वी वेळापत्रकावरून वाद घालत. आता ‘बरं, ठीक आहे’ म्हणून सही करून मोकळे होतात. पुढच्या वर्षीच्या कामाचे नाव काढले की विषय बदलतात. मुख्याध्यापकांच्या मनात पाल चुकचुकते. अशा वेळी, मुख्याध्यापकहो, आपण काय कराल?

कोणी शिपायाकडे चौकशी करतो, कोणी सर्वांदेखत टोमणा मारतो, कोणी वरचे वर्ग काढून घेतो. ज्याचे मन अजून दोलायमान आहे, त्याला आपणच अशाने बाहेरची वाट दाखवतो.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका पुस्तकात याचा उलगडा केला आहे. संस्थेत बिनसले की माणसापुढे दोन मार्ग असतात, बोलून दाखवणे किंवा निघून जाणे. आपुलकी असेल तोवर माणूस सहसा बोलतो. यावरून आपण एवढे घ्यावे की, तक्रार करणारा अजून आपला आहे. काळजी करावी ती गप्प झालेल्याची.

तेव्हा पहिली गोष्ट, शाळा सुटल्यावर दोघांनीच बसावे. ‘जाणार आहात का?’ असे विचारले की माणूस सावध होतो. ‘सर, इथं तुम्हाला काय जड जातंय?’ असे विचारावे आणि ऐकून घ्यावे. रोजच्या एस.टी.चा त्रास असेल, घरी आजारपण असेल. हातात असेल ते करावे, नसेल ते स्पष्ट सांगावे. खोटे वचन देऊ नये.

दुसरी गोष्ट, दहावीचा किती भाग झाला, कोणती मुले कच्ची आहेत, याची वही ठेवावी. ती एकट्याकडून मागितली तर संशय दिसतो. सर्वांनीच ठेवली तर शिस्त होते, आणि कोणी गेले तरी मुलांचे अडत नाही.

तिसरी गोष्ट, घाबरून राजीनामा लिहून घेऊ नये. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या १९८१च्या नियमावलीप्रमाणे कायम शिक्षकाने ३ महिन्यांची, इतरांनी १ महिन्याची आगाऊ सूचना द्यावयाची असते. राजीनाम्याच्या दोन प्रती कराव्यात, दोहोंवर सही व तारीख घालावी आणि एक प्रत शिक्षकाने स्वतःजवळ ठेवावी, असे १९७७च्या कायद्याने सांगितले, ते जबरदस्तीने राजीनामे घेतले जाऊ नयेत म्हणूनच.

इतके करूनही कोणी निघालाच, तर त्याला मानाने निरोप द्यावा. जाणाऱ्याशी आपण कसे वागतो, हे मागे राहणारे बघत असतात.