कैलासाचा दगड आणि द्राक्षाचा वेल

‘वाईन’ हा शब्द वाचून रेक्टर सरांनी दचकू नये! हा लेख पिण्याबद्दल नाही, पिकण्याबद्दल आहे.

चांगल्या द्राक्षाला तीन गोष्टी लागतात : माती, हवा आणि पाणी. आधी माती बघू. वेरूळला आपण जातो, कैलास लेणं बघतो, फोटो काढून परत येतो. पण आठव्या शतकात ज्या बेसॉल्टमधून ते कोरलं, तोच दगड झिजून भोवतालच्या शेतांतली काळी माती झाली आहे. ती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते. कापसाला हे चालतं, द्राक्षाची मुळं मात्र गुदमरतात. त्याला पाण्याचा निचरा होणारी मुरमाड जमीन जास्त मानवते.

आता हवा. वाईनचे बरेच जुने प्रदेश थंड. न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स भागात सेनेका सरोवर तब्बल १८८ मीटर खोल आहे. पाण्याची विशिष्ट उष्मा दगडाच्या सुमारे पाचपट (थर्मोच्या लेक्चरला जागे असाल तर आठवेल!). त्यामुळे उन्हाळ्यात साठवलेली उष्णता ते हिवाळाभर सोडत राहतं आणि काठावरचे वेल गोठण्यापासून वाचतात. तिथे वेल हिवाळ्यात झोपतो आणि शरदात पिकतो.

आपल्याकडे वेलाला झोप येईल एवढी थंडीच नाही. मग ते काम कात्री करते. एप्रिलमध्ये ‘खरड छाटणी’, ऑक्टोबरमध्ये ‘फळछाटणी’. (मी पडले कॉन्व्हेंटची, हे शब्द मला नवीनच होते.) पहिल्या छाटणीनंतर नव्या काडीत घडाची तयारी होते, दुसरीनंतर घड बाहेर पडतात. पावसाळ्यात केवड्यासारखे रोग येतात, म्हणून छाटण्या दोन असल्या तरी पीक एकच घेतात. गंमत म्हणजे दौलताबादला द्राक्षं वर्षातून दोनदा येतात, असं चौदाव्या शतकात इब्न बतूतानं लिहून ठेवलंय!

फळ पिकतं ते जानेवारी ते मार्चमध्ये. दिवसाच्या उन्हानं साखर वाढते, रात्रीच्या गारव्यानं आंबटपणा टिकतो. वाईनला दोन्ही हवेत. सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकला हेच जमलं, आणि राज्याच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानं तिथल्या वायनरींना हात दिला.

राहिलं पाणी, आणि खरी मेख इथेच आहे. खरड छाटणी येते नेमकी भर उन्हाळ्यात, विहिरी तळाला गेलेल्या असताना. म्हणून मराठवाड्यातलं ‘सरोवर’ म्हणजे शेततळं. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीनं आधी पाणलोटाची कामं करून पाणी जमिनीत मुरवलं, मग शेततळ्यांवर द्राक्षबागा उभ्या केल्या. हा क्रम महत्त्वाचा! प्लॅस्टिक अंथरलेलं तळं पाणी फक्त साठवतं, मुरवत नाही. ते विहीर उपसून भरलं तर जमिनीतलं पाणी आपण उन्हात वाळत घातल्यासारखंच. शिवाय शेजाऱ्याची विहीर आटते ती वेगळी.

सेनेका सरोवर निसर्गानं दिलं. आपलं तळं आपल्यालाच डिझाइन करायचंय. सिव्हिलवाल्यांनो, ऐकताय ना?