अहंकार सोडायचा म्हणजे नेमके काय सोडायचे?

'अहंकार सोडा' हा उपदेश मराठी माणसाला नवा नाही. कीर्तनात, प्रवचनात, घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून तो लहानपणापासून कानावर पडत असतो. तथापि अहंकार सोडायचा म्हणजे नेमके काय सोडायचे, याचा उलगडा सहसा कोणी करून देत नाही. परिणामी काहीजण गोड बोलणे आणि वाकून नमस्कार करणे यालाच निरहंकार वृत्ती समजतात, तर काहीजण स्वत:ला सतत कमी लेखण्याला अध्यात्म मानतात. पहिल्या प्रकारात अहंकार केवळ वेश बदलतो आणि दुसऱ्यात माणूस आतून खचत जातो. म्हणूनच आत्मबोधाच्या वाटेवरील या पहिल्या अडथळ्याचे स्वरूप नीट समजून घेणे आवश्यक आहे.

'मी' आणि मीपणा

सामान्य व्यवहारात अहंकार म्हणजे गर्व किंवा ताठा. भारतीय तत्त्वज्ञानात मात्र या शब्दाचा अर्थ अधिक व्यापक आहे. 'अहम्' म्हणजे मी आणि 'कार' म्हणजे करणारा, घडविणारा. जी शक्ती प्रत्येक अनुभवावर 'हे माझे', 'हे मी केले' असा शिक्का उमटवते, ती म्हणजे अहंकार. सांख्य दर्शनाने बुद्धीनंतर उत्पन्न होणारे एक तत्त्व म्हणून त्याची गणना केली आहे. वेदान्तात मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार मिळून अंत:करण होते, असे सांगितले जाते. याचा अर्थ असा की गरीब स्वभावाच्या, कधीही आवाज न चढविणाऱ्या माणसातही अहंकार असतोच. तो नसता तर स्वत:च्या नावाने कोणी हाक मारल्यावर माणसाने वळूनही पाहिले नसते.

मग सोडायचे काय? व्यवहारापुरता लागणारा 'मी' सोडायचा नसतो. रेल्वेचा पास काढताना, मुलाच्या शाळेच्या अर्जावर सही करताना तो हवाच. सोडायची आहे ती या 'मी'ला चिकटलेली कर्तेपणाची आणि मालकीची समजूत. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात म्हटल्याप्रमाणे कर्मे प्रकृतीच्या गुणांकरवी होत असतात आणि अहंकाराने मोहित झालेला मनुष्य मात्र 'मीच कर्ता' असे मानून बसतो. पीक आले ते जमीन, पाऊस, बियाणे आणि कित्येकांचे श्रम यांमुळे. पण बोलताना आपण 'मी पिकवले' एवढेच म्हणतो. या वाक्यात फारसे बिघडत नाही. बिघडते ते पीक बुडाल्यावर, कारण ज्याने यश स्वत:च्या नावावर लिहून घेतले त्याला अपयशही एकट्यानेच वाहावे लागते.

कच्चे मडके

महाराष्ट्राच्या संतपरंपरेने हा विषय अवघड परिभाषेत अडकवून ठेवला नाही. तिने तो गोष्टींतून सांगितला. त्यातील सर्वांत बोलकी कथा तेर येथील संत गोरा कुंभार यांच्या घरची. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईंची नजर गोरोबांच्या थापटण्यावर गेली. हे कशासाठी, असे त्यांनी विचारले. मडके कच्चे की पक्के हे पारखण्यासाठी, असे उत्तर मिळताच त्यांनी पुढचा प्रश्न केला की, आम्हीही मडकीच आहोत, तर आमच्यातील कच्चे कोण ते सांगाल का? गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारावयास सुरुवात केली. बाकीचे शांत राहिले. नामदेव मात्र दुखावले. हे मडके अजून कच्चे आहे, असा निर्णय झाला.

या कथेतील मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. नामदेव कोणी सामान्य भक्त नव्हते. प्रत्यक्ष विठ्ठल त्यांच्याशी बोलतो, त्यांच्या हातचा नैवेद्य खातो अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या भक्तीत काही खोट होती असे कथा सांगत नाही. त्या भक्तीभोवती 'मी देवाचा लाडका' ही भावना गुंडाळली गेली होती, एवढेच ती दाखवते. ही भावना पूजेच्या वेळी दिसली नाही, भजनाच्या वेळी दिसली नाही. डोक्यावर अनपेक्षित टपली बसली तेव्हा ती दिसली. अहंकार ओळखण्याची ही अचूक खूण आहे. तो सुखाच्या वेळी झाकलेला असतो आणि अपमानाच्या क्षणी उघडा पडतो.

पुढे नामदेव औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे गेले. शिवपिंडीवर पाय ठेवून पहुडलेल्या विसोबांना पाहून त्यांना धक्का बसला. जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव, असे विसोबा म्हणाले. आणि नामदेव जेथे पाय ठेवीत तेथे पिंडीच दिसे. देव फक्त आपल्या ओळखीच्या मूर्तीत आहे, ही समजूत त्या ठिकाणी गळाली. माझा देव, माझी भक्ती, माझा अधिकार यांतील 'माझे' नाहीसे झाल्यावर जे उरले ते घेऊन नामदेव पुढे पंजाबपर्यंत गेले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. मीपणा गेल्याने माणूस लहान होत नाही, उलट त्याचे क्षेत्र विस्तारते, याचे हे उदाहरण होय.

ज्ञानाचा अहंकार

संपत्तीचा, रूपाचा, अधिकाराचा अहंकार चटकन ओळखू येतो. ज्ञानाचा आणि साधनेचा अहंकार ओळखणे कठीण असते. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अमानित्व, अदंभित्व आदी ज्ञानलक्षणांचे शेकडो ओव्यांतून विवेचन आहे. तेथे ज्ञानदेव एक मार्मिक निरीक्षण नोंदवतात की, अहंकार अज्ञान्याच्या मागे फारसा लागत नाही. तो जाणत्याच्याच गळ्याला मिठी मारतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास सांगितलेले हे वाक्य आजच्या सुशिक्षित शहरी वाचकाला अधिक लागू पडावे.

चांगदेवांची कथाही याच जातीची. चौदाशे वर्षे योगसामर्थ्याने जगलेल्या या सिद्धाला ज्ञानदेवांना पत्र लिहावयाचे होते; पण मायना काय लिहावा हेच सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने मोठे. नमस्कार लिहावा, तर आपले वय आडवे येते. अखेरीस कोरेच पत्र पाठवले गेले. इतकी वर्षे तप करून कोराच राहिला, असे त्यावर मुक्ताबाई म्हणाल्याचे परंपरा सांगते. पत्राचे उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी ६५ ओव्यांची 'चांगदेव पासष्टी' लिहिली. दोन्ही कथांत परीक्षा घेणारी मुक्ताबाई आहे, जमलेल्या सर्वांत वयाने लहान असलेली मुलगी. आपल्यापेक्षा लहानाने दाखवलेली चूक मान्य करता येणे, ही परंपरेने निरहंकारितेची कसोटी ठरवली आहे.

ओळख गळून पडते तेव्हा

मीपणाचा आणखी एक पदर आहे, तो म्हणजे ओळख. कल्याणजवळील मोहने परिसरात याचा विचार विशेष करून मनात येतो. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन अर्थात एनआरसी ही कंपनी म्हणजे दीर्घकाळ मोहने-आंबिवलीची ओळख होती. कंपनीचा भोंगा, कंपनीची वसाहत, कंपनीतील पाळ्या यांभोवती हजारो कुटुंबांचे जीवन फिरत होते. २००९ मध्ये कंपनी बंद पडली आणि कामगारांना थकीत देण्यांसाठी अनेक वर्षे लढावे लागले. अशा वेळी केवळ पगार जात नाही. 'मी अमुक खात्यात काम करतो' या वाक्यावर उभा असलेला माणूसच एकाएकी निराधार होतो. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या अधिकाऱ्यालाही हीच पोकळी जाणवते.

येथे एक महत्त्वाचा भेद करावयास हवा. ओळख हिरावली जाणे म्हणजे अहंकार सुटणे नव्हे. हिरावलेल्या ओळखीची जखम उलट अधिक काळ ठसठसत राहते. अध्यात्म सांगते ते इतकेच, की आपण जे काम करतो ते म्हणजे आपण नव्हे, हे काम हाती असतानाच उमजू द्यावे. गोरोबा मडकी घडवीत राहिले, सावता माळी मळा पिकवीत राहिले, सेना न्हाव्यांनी आपला व्यवसाय सोडला नाही. काम तेच राहिले. कामाला चिकटलेला कर्ता विरघळला.

अलीकडच्या काळातील उदाहरण निसर्गदत्त महाराजांचे. मूळचे मारुती कांबळी, जन्म १८९७ चा. मुंबईत त्यांचा विड्यांचा व्यवसाय होता. १९३३ मध्ये त्यांना सिद्धरामेश्वर महाराजांचे मार्गदर्शन लाभले. इतर सर्व ओळखी बाजूला सारून केवळ 'मी आहे' या जाणिवेवर लक्ष ठेवावे, ही साधना त्यांनी निष्ठेने केली. पुढे काही काळ भ्रमंती करून ते पुन्हा घरी परतले आणि संसार व व्यवसाय सांभाळत खेतवाडीतील आपल्या घरी जिज्ञासूंशी बोलत राहिले. मॉरिस फ्रीडमन यांनी अनुवादित केलेला त्यांच्या संवादांचा इंग्रजी ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि देशोदेशीचे लोक त्या गल्लीत येऊ लागले. 'मी अमुक आहे' यातील 'अमुक' गळाले की काय उरते, हाच त्यांच्या बोलण्याचा गाभा होता.

नम्रता आणि लाचारी

'अहंकार सोड' हे वाक्य नेहमी वरच्याने खालच्याला ऐकवले, तर ते अध्यात्म राहत नाही, जुलूम होतो. आपले हक्काचे पैसे मागणाऱ्या कामगाराला, घरात समान वागणूक मागणाऱ्या सुनेला किंवा अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्याला अहंकारी ठरवणे हा शब्दाचा गैरवापर आहे. चोखोबांच्या निरहंकारितेविषयी कोणाला शंका नाही. तरीही आपल्या वाट्याला आलेल्या विटाळाच्या वागणुकीबद्दल त्यांनी देवाला थेट जाब विचारला. ज्या मंदिराबाहेर त्यांना उभे राहावे लागले, ते अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण करावे लागले. त्या उपोषणात अहंकार नव्हता. तो दार अडवून धरणाऱ्या मनात होता. अन्यायाला विरोध करताना 'मला न्याय हवा' आणि 'मी याला धडा शिकवीन' यांतील अंतर ज्याला कळते, त्याला स्वाभिमान आणि अहंकार यांची सीमारेषा सापडली असे समजावे.

मुळाशी जावे

मोहने येथे उल्हास नदीचे पाणी उचलून शहराला पुरवले जाते. प्रवाह मंदावला की याच पात्रात जलपर्णी पसरते. ती वरवर कितीही काढली तरी काही दिवसांत पुन्हा फोफावते, कारण पाण्यात मिसळणारे सांडपाणी तिला खाद्य पुरवत असते. अहंकाराचेही असेच आहे. 'यापुढे मी गर्व करणार नाही' असा निश्चय म्हणजे वरची पाने काढणे होय. त्याचे खाद्य कोणते, हे शोधावयास हवे. बहुतेकांच्या बाबतीत ते असते सततची तुलना, कौतुकाची भूक आणि आपलेच म्हणणे खरे करण्याचा हट्ट.

यासाठी डोंगरात जाण्याची गरज नाही. मन दुखावेल त्या क्षणी प्रत्युत्तर देण्यापूर्वी 'दुखावला तो नेमका कोण?' एवढे पाहावे. दुखावले ते पद, वय, विद्वत्ता की आपल्याविषयी आपणच जपलेले चित्र, हे प्रामाणिकपणे तपासले की रागाचा बराचसा जोर ओसरतो. दिवसातून एखादे तरी काम असे करावे, की ज्याचे श्रेय घेण्याची सोयच नाही. आणि काही वेळ शांत बसून नामस्मरण वा ध्यान करावे. ध्यानाच्या अनुभवी साधकांमध्ये, स्वत:विषयीच्या विचारांशी संबंधित असलेल्या मेंदूतील भागांची हालचाल मंदावते, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. अर्थात यंत्रावर दिसणारी शांतता आणि वागण्यात उतरलेली शांतता या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीची परीक्षा घरातच होते. वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात आणि समोरच्याला 'माउली' म्हणतात, तोही या परीक्षेचाच सराव. वाकताना समोर कोण आहे हे पाहायचे नसते.

पंढरपूरच्या महाद्वारात शिरताना पहिली पायरी लागते ती नामदेवांची. संतांची व भक्तांची पायधूळ आपल्या मस्तकी लागावी म्हणून त्यांनी ही जागा मागून घेतली, अशी श्रद्धा आहे. समोरच चोखोबांची समाधी आहे. एके काळी डोक्यावरची एक टपली ज्यांना सहन झाली नाही, त्यांनी अखेरीस असंख्य पावलांसाठी आपले मस्तक अंथरले. भाविक मात्र त्या पायरीवर पाय ठेवीत नाहीत. तिला नमस्कार करून, ती ओलांडूनच ते आत जातात.