भूगर्भांतील धनाचा खरा हिशेब

अमक्या डोंगरांत लोखंडाचा प्रचंड सांठा सांपडला, अशी वार्ता वर्तमानपत्रांत झळकली कीं आपल्या मनांत लगेच एक गुणाकार सुरू होतो. इतके टन खनिज, टनाला इतका भाव; म्हणजे देशाला इतके कोटी रुपये मिळालेच! हा गुणाकार कोठें फसतो आणि खरा हिशेब कसा मांडावा लागतो, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

पहिली गोष्ट अशी कीं, भूगर्भांतील सांठा कोणीं डोळ्यांनीं पाहिलेला नसतो. भूशास्त्रज्ञ ठराविक अंतरावर जमिनींत विंधणें घेतात, त्यांतून निघालेले दगडाचे लांबट तुकडे प्रयोगशाळेंत तपासतात, आणि दोन विंधणांमधल्या न पाहिलेल्या भागाविषयीं अनुमान बांधतात. विंधणें विरळ असतील तर अनुमान धाडसाचें, दाट असतील तर भरंवशाचें. आपल्या देशांत या शोधाच्या ४ पायऱ्या मानल्या आहेत. पहिली नुसत्या टेहळणीची, तर शेवटची सविस्तर तपासणीची. म्हणून सांठ्याचा आंकडा कानीं पडला कीं प्रथम विचारावें, हा कोणत्या पायरीवरचा?

दुसरा प्रश्न खर्चाचा. दगडांत धातु आहे एवढ्यानें तो खणण्याजोगा ठरत नाहीं. कर्नाटकांतील कोलारच्या सोन्याच्या खाणी पाहा. १८८० च्या सुमारास तेथें आधुनिक पद्धतीचें खाणकाम सुरू झालें, खोली ३ किलोमीटरांच्या पलीकडे गेली, आणि २००१ सालीं त्या बंद झाल्या. तेथील सारें सोनें कांहीं संपलें नव्हतें. परंतु तें वर आणण्याचा खर्च त्याच्या मोलाला पेलेनासा झाला होता. याच्या उलटही घडतें. नागपूरच्या भारतीय खाण ब्यूरोनें २००९ सालीं हेमाटाइट जातीच्या लोहखनिजांतील लोखंडाची किमान मर्यादा ५५ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आणली. डोंगर तोच, दगडही तोच. पण काल जो टाकाऊ होता तो आज खनिज ठरला. तेव्हां सांठा हा भाव, यंत्रें आणि नियम यांच्याबरोबर वाढणारा किंवा आटणारा आंकडा आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, आणि तो गोव्यानें आपणांस शिकविला. डिचोली, सत्तरी, सांगें या भागांतील लोहखनिज दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथम जपानकडे आणि पुढें चीनकडे जाऊं लागलें. एक टन खनिजासाठीं तेथें अडीच-तीन टन माती व दगड उपसावे लागत. ही माती कोठें ठेवावयाची? पावसाळ्यांत ढिगाऱ्यांवरून वाहणारा तांबडा गाळ भातशेतांत आणि ओढ्यांत उतरे. खाण भूजलाच्या पातळीखालीं गेली कीं पाणी अहोरात्र उपसावें लागे, आणि जवळच्या गांवांतील विहिरी व झरे आटूं लागत. खाणमालकाच्या वहींत उपशाचें डिझेल खर्चीं पडे. कोरड्या विहिरीची नोंद मात्र त्या वहींत नसे.

अखेर ऑक्टोबर २०१२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तेथील खाणकाम थांबविलें. त्याबरोबर ट्रकवाले, बार्जवरचे खलाशी आणि त्यांच्यावर विसंबलेले दुकानदार यांचा रोजगार एकाएकीं बुडाला. म्हणजे बेहिशेबी खणण्याचें मोल गांवकऱ्यांनीं दिलें, आणि अकस्मात् थांबण्याचें मोलही बहुतांशीं त्यांनींच दिलें. एप्रिल २०१४ च्या निकालांत न्यायालयानें वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली, आणि विक्रीच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग एका स्थायी निधींत टाकण्यास सांगितलें. या आज्ञेमागचा विचार ध्यानांत घेण्याजोगा आहे. आंब्याला पुढच्या वर्षीं पुन्हा मोहोर येतो. लोहखनिज एकदां काढलें कीं गेलें. वडिलार्जित सोनें मोडून आलेल्या पैशाला ज्याप्रमाणें शहाणा गृहस्थ पगार मानीत नाहीं, त्याप्रमाणें राष्ट्रानेंही खाणीच्या पैशाला केवळ चालू उत्पन्न मानूं नये.

संयुक्त राष्ट्रांनीं १९९७ सालीं सांठ्यांच्या वर्गीकरणाची एक पद्धति प्रसृत केली. तींत भूशास्त्रीय खात्री आणि तांत्रिक शक्यता यांच्या जोडीला आर्थिक बाजूही तोलली जाते. आतां त्या तिसऱ्या बाजूंत पर्यावरण आणि समाज यांचाही स्पष्ट समावेश झाला आहे. जी खाण कोरड्या विहिरी, गाळलेलीं शेतें आणि शेवटीं खड्डा सुस्थितींत आणण्याचा खर्च धरूनही फायद्यांत राहते, तीच खरोखर परवडणारी. जी हे खर्च दुसऱ्याच्या अंगणांत लोटते, ती केवळ उधारीवर चालते.

म्हणून पुढच्या वेळीं सांठ्याची वार्ता वाचाल तेव्हां तीन प्रश्न अवश्य विचारा : आंकड्याची खात्री किती, काढण्याचा खर्च किती, आणि खाण मिटल्यावर त्या गांवाच्या विहिरींत पाणी किती? पहिल्या दोहोंचीं उत्तरें तज्ज्ञ देतील. तिसऱ्याचें उत्तर मिळाल्यावांचून खणण्यास संमति देऊं नये, हा आग्रह मात्र आपण नागरिकांनींच धरावयास हवा.