जुना सर्व्हे नंबर, नवा गट नंबर

भूम तालुक्यातील एखाद्या जमिनीचा फेरफारांवरून माग काढीत मागे जावे, तर सातबाऱ्यावरील गट नंबर एकत्रीकरण योजनेपाशी थबकतो, त्यापलीकडे सर्व्हे नंबरांचा अंमल सुरू होतो आणि १९४८ पूर्वीच्या निजामी दप्तरात तर भाषाही उर्दू होते; म्हणून जुना व नवा क्रमांक शेजारी-शेजारी मांडणारे योजनापत्रक हाती नसेल, तर आजोबांच्या वाटणीपत्रातील ‘सर्व्हे नंबर अमुक’ हे शब्द जवळजवळ मुके होतात.

संगणकाच्या आज्ञावलीवरही हाच प्रसंग येतो. आज्ञावलीतील बदलांचे दप्तर ठेवणाऱ्या सबव्हर्जन या प्रणालीत प्रत्येक बदलास चढता क्रमांक मिळतो, आणि पुढचा प्रोग्रामर शिरस्त्याप्रमाणे शेरा मारतो, ‘१८४२ मधील चूक दुरुस्त केली’. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली रचलेल्या गिटमध्ये मात्र अशा क्रमांकाऐवजी मजकूर, शेरा व पूर्वनोंद यांवरून काढलेली, सामान्यतः ४० चिन्हांची खूण असते. दप्तर तिकडे हलले की १८४२ पोरका! सबव्हर्जनचे दप्तर गिटमध्ये आणणारे गिट-एसव्हीएन हे साधन एरवी प्रत्येक शेऱ्याच्या तळाशी जुना क्रमांक टाकून ठेवते, ही त्याची कारकुनी दूरदृष्टी. परंतु शेऱ्यातच नवी खूण भरावयाची, तर सर्वांत जुन्या नोंदीपासून क्रमाने चालावे लागते, कारण एक अक्षर बदलले तरी त्या नोंदीची आणि तिच्या समस्त वंशजांची खूण पालटते.

माझ्या मते जुना क्रमांक पुसूच नये, नवी खूण त्याच्या शेजारी लिहावी. तलाठीदेखील सातबाऱ्यावरचे जुने नाव खोडीत नाही. त्यास कंस करतो, आणि कंसाआडचे नाव वाचता येते.