ग्रॉक आणि सर्कशीतला विदूषक

कोण? ग्रॉक हा विदूषक. मूळ नाव शार्ल आद्रियाँ वेटाख. जन्म १० जानेवारी १८८०, स्वित्झर्लंड. निधन १४ जुलै १९५९, इटली.

गाजलेले प्रसंग : भल्यामोठ्या पेटीतून इवलेसे व्हायोलिन काढणे. पियानो लांब पडतो म्हणून स्टूल पुढे न घेता पियानोच ढकलत आणणे.

विदूषकांचे मुख्य प्रकार
- पांढरा चेहरा : नीटनेटका, शहाणा, हुकूम सोडणारा.
- ऑगस्ट : ढगळ कपडे, लाल नाक. धांदरट, मार खाणारा.
- भटक्या : फाटका कोट, वाढलेली दाढी, उदास चेहरा.

इतर नावे
- जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८–१८३७) : लंडनच्या रंगभूमीवरचा विदूषक. इंग्लंडमध्ये आजही विदूषकाला त्याच्यावरून ‘जोई’ म्हणतात.
- ओलेग पोपोव (१९३०–२०१६) : रशियन. चौकड्यांची टोपी ही खूण. प्रकाशझोत टोपलीत गोळा करण्याचा खेळ प्रसिद्ध.

आपल्याकडे
- २० मार्च १८८० : विष्णुपंत छत्रे यांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा मुंबईत पहिला खेळ. प्रेरणा किआरिनी यांच्या इटालियन सर्कशीची. ग्रॉकचे जन्मवर्षही हेच.
- १९७० : राज कपूर यांचा ‘मेरा नाम जोकर’ प्रदर्शित. त्यात रशियन सर्कस कलावंतांचा सहभाग.

रिंगण : प्रचलित व्यास ४२ फूट, म्हणजे सुमारे १३ मीटर.